मेश्राम काकूंची मीटिंग

मेश्राम काकू स्वतः पाहून आल्याशिवाय कोणतीच गोष्ट मानत नसत. मुलीला स्थळ आलं, तेव्हा त्या सिलतऱ्याच्या कारखान्यासमोरच्या टपरीवर जाऊन बसल्या आणि मुलगा दुपारचा डबा कसा खातो ते पाहून आल्या. "भाजी सांडत नाही, डबा धुऊन ठेवते. चालते," असा निकाल त्यांनी दिला आणि लग्न ठरलं.

रायपुरात आमचं आणि काकूंचं घर भिंतीला भिंत लागून. मी कॉलेजात होते आणि माझ्याकडे स्कूटी होती, त्यामुळे काकूंच्या सगळ्या चौकशा माझ्या मागच्या सीटवरून चालायच्या. मी हिंदीत उत्तर दिलं की पाठीत एक धपाटा बसायचा.

काका दारू प्यायचे. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. संध्याकाळी यायचे आणि ओट्यावर गुपचूप आडवे व्हायचे. पण ते कारखान्यात क्रेन चालवत. एके दिवशी साहेबांनी त्यांना तशा अवस्थेत पकडलं, खाली उतरवलं, स्टोअरमध्ये बसवलं आणि पुन्हा असं दिसलं तर कायमचे घरी बसाल म्हणून सांगितलं. काकू हादरल्या. दारू सोडलेल्या लोकांची दर रविवारी भनपुरीकडे मीटिंग असते असं त्यांच्या कानावर आलं होतं. काका म्हणाले, "मी का बेवडा हाय? मी नाही जात."

"नका जाऊ. आधी मी पाहून येतो. कसे लोक हायेत, काय हायेत, पाह्यल्याशिवाय मी तुमाले धाडत नाही."

मीटिंगला पाटी नव्हती. तिथे येणाऱ्यांची अब्रू राहावी म्हणून ती लावतच नाहीत, हे आम्हाला नंतर कळलं. काकू प्रत्येक दुकानापुढे गाडी थांबवायला लावायच्या आणि खणखणीत आवाजात विचारायच्या, "भैया, दारू छोडने की मीटिंग किधर है?"

"किसके लिए, दीदी?"

"उससे तुमको क्या करना है?"

काकांचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. एका पानवाल्याने दयेने सांगितलं, "भट्ठी तो आगे है दीदी, पर आप लाइन में मत लगना, मैं मँगवा दूँगा." आमच्याकडे दारूच्या दुकानाला भट्टी म्हणतात. मी हेल्मेटची काच खाली ओढली.

"काकू, धीरे बोलो ना!"

"पिणाऱ्याले लाज नाही, अन मले काहून वो?" आणि धपाटा.

अकराव्या की बाराव्या दुकानानंतर एका शाळेची मागची खोली सापडली. काकू आत गेल्या, मी खिडकीबाहेर थांबले. तिथे कोणी कोणाला नाव-गाव विचारत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी काकांना अहवाल दिला, "खोली झाडलेली हाय. चहात अद्रक हाय. कोणी कोणाले टोमणे मारत नाही. जा."

काका गेले नाहीत. काकू मात्र पुढच्या रविवारी पुन्हा पाहायला गेल्या. मग त्याच्या पुढच्याही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिथं माणसं खरं बोलतात वो. मले घरात ते आयकाले भेटत नाही." त्या दिवशी मला हसू आलं नाही.

इकडे साऱ्या दुकानांतून बातमी आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पोचली होती. चौथ्या रविवारी काका दाढी करायला गेले, तर न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, "भैया, भाभीजी का सुना. बहुत बुरा लगा. सँभालिए उनको." बारा वर्षं झुलत घरी येणाऱ्या माणसाला लोक आता बायकोच्या दारूबद्दल धीर देत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून काका उठले.

मीटिंग नुकतीच सुरू झाली होती, तोच काका तसेच खोलीत शिरले. एक गाल गुळगुळीत, एका गालावर साबण. मी खिडकीला चिकटले.

"ये मेरी मिसेस है. इसने जिंदगी में एक बूँद नहीं ली!"

मीटिंग चालवणारे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ फार प्रेमाने म्हणाले, "बैठिए भैया. शुरू में सब घरवाले यही बोलते हैं."

"अरे, ये नहीं पीती!"

"हव, हव. बैठिए."

एका बाईंनी काकूंच्या पाठीवरून हात फिरवला. काकू मान खाली घालून गप्प. एक शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या, पण त्या बोलल्या नाहीत. काकांचा चेहरा लालबुंद झाला आणि हिंदी सुटून ते मराठीत ओरडले, "ते नाही पेत! मी पेतो! बारा वर्षं झाले, मीच पेतो!"

त्या खोलीत अर्ध्यांना मराठी येत नव्हतं, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका मटकन खुर्चीत बसले आणि रडायला लागले. काकूंनी पदराने त्यांच्या गालावरचा साबण पुसला, चहाचा कप हातात दिला आणि त्या बाहेर आल्या. "चाल पोट्टे. माहं काम झालं." घर येईपर्यंत माझी पाठ त्यांच्या आसवांनी भिजत होती.

काका सुटले. सोपं गेलं नाही, दोनदा घसरले, पण सुटले. पुन्हा क्रेनवर चढले आणि तिथूनच निवृत्त झाले. काकूंना मात्र साखरेने पोखरलं. मागच्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा मी सासरहून धावत आले. पाऱ्यात सगळ्यांच्या मनात एकच धास्ती होती, पण ती बोलून कोणी दाखवत नव्हतं.

तीन दिवसांनी रविवार आला. दुपारी काका आमच्या दारात उभे होते.

"चालतं का माह्यासंगं? मीटिंगले."

"काका, तुम्हाला तर रस्ता पाठ आहे."

"हव. भट्टीचाही पाठ हाय," काका म्हणाले. "आज पाय कोणीकडं वळतीन, मले माहीत नाही."

मी चपला घातल्या आणि त्यांचा हात धरला.