आधी नातेवाईक

“पेशंटला बाहेर बसवा,” डॉक्टर म्हणाले.

पेशंट मी होते. त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले होते. ते बोलत होते तुमच्या मामाशी. मामा उठला, त्याने माझं कोपर धरलं आणि म्हणाला, “आई, थोडं बाहेर बसतेस का?” मी उठले. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, गडबड करणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभं केलं. आता मला बाहेर काढलं होतं आणि मी मुकाट्याने गेले. दार बंद झालं. दारावर पाटी होती : आधी नातेवाईक, मग पेशंट.

रेवा, ईशान, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. रेवासाठी जरा जास्त, कारण लक्ष न टिकण्याच्या याच आजाराचं औषध तीही घेते. आज भाजी काय केली हे सांगावं तशी ती फोनवर सांगते, “आजी, माझा डोस बदलला.” मला त्या सहजपणाचा हेवा वाटतो.

तुम्ही मला शिस्तीची आजी म्हणून ओळखता. प्रत्येक डब्यावर नाव. चाव्या खिळ्यावर. घड्याळ पुढे. ती सगळी शिस्त भीतीतून आलेली आहे. माझं लक्ष एका जागी कधी टिकलंच नाही. धडा शिकवताना मन खिडकीतून निघून जायचं. ते परत आलं की ओळ सापडावी म्हणून मी पुस्तकात बोट ठेवूनच शिकवायचे. मुलींना वाटायचं, बाई किती काटेकोर! तुमचे आजोबा होते तोवर ते रोज विचारायचे, “गॅस बंद केलास का?” ते गेले आणि पातेली जळू लागली. एकदा ज्योत विझलेली, बटण सुरू आणि घरभर वास. मामी वेळेवर आली म्हणून निभावलं.

मामाला वाटलं, आईची स्मृती चालली. तपासण्या झाल्या. स्मृती शाबूत निघाली. मग रेवाच म्हणाली, “आजी, तू अगदी माझ्यासारखी आहेस. एडीएचडीचं विचार ना डॉक्टरांना.”

अमरावतीत मनाचे डॉक्टर आहेत. पण आमच्या ओळखीची माणसंही अमरावतीतच आहेत. म्हणून अकोला. गाडी काढताना शेजारच्या वंदनाला मामाने सांगितलं, “आईचे डोळे दाखवायचे आहेत.” तिने खिडकीतून आत डोकं घातलं. “काकू, मोतीबिंदू पिकला काय?” मी मान हलवली. अकोल्याला जायच्या प्रत्येक खेपेला मी मोतीबिंदूची पेशंट होते.

सुरुवात बरी झाली होती. आधी दहा मिलिग्रॅमची कॅप्सूल, मग अठराची. दोन्ही मला सांगून दिल्या होत्या. अठरा सुरू झाल्यावर एका सकाळी दूध वर आलं तेव्हा मी तिथेच उभी होते. हात आपसूक बटणाकडे गेला. त्या दिवशी मी एक अख्खं पान मागे न फिरता वाचलं. वंदनाची एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. ती किती कंटाळवाणं बोलते हेही पहिल्यांदाच कळलं! मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. हे मला सत्तरीत मिळालं होतं. ते मला कुणाला द्यायचं नव्हतं.

आणि त्यानंतरच्याच खेपेला मला बाहेर बसवलं.

बाहेर वरूडकडची एक बाई होती. संत्र्याची बाग असलेल्या घरातली, तुमच्या आईच्या वयाची. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमालेबी काढलं काय बाहेर? माह्या नावानं नंबर लावते अन् आत जाते हे. डॉक्टरनं माह्यं तोंडबी धड पाहिलं नसन. दवा मी खातो, अन् बरे हेच होऊन राहिले!” आम्ही दोघी हसलो. मग तिचा नवरा बाहेर आला, तिने पिशवी उचलली आणि त्याच्या मागे चालू लागली. काय झालं, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

मामा बाहेर आला. मला पुन्हा आत बोलावलंच नाही. मी विचारलं. “काही नाही गं. तेच सुरू ठेवायचं म्हणाले.”

गोळ्यांची डबी मामी भरते. दुसऱ्या दिवशीची कॅप्सूल मला वेगळी वाटली. मी म्हटलं, “ही नेहमीची नाही.” मामी भांडी लावत होती. मान वर न करता म्हणाली, “कंपनी बदलली, आई. आतलं औषध तेच.”

मी गिळली.

पुढे जे झालं ते नीट सांगते. सकाळची वेळ. मी मेथी निवडत होते. एकदम छाती धडधडायला लागली. धावून आल्यासारखी. तोंड कोरडं, तळवे गार, कानात ठोके. मेथीची काडी हातात होती आणि ती काडी थरथरताना मला दिसत होती. वाटलं, हे शेवटचं. मी जमिनीवर बसून टेबलाचा पाय धरला. थोड्या वेळाने ते ओसरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. चहा नको, जेवण नको. मामा म्हणाला, “आई, तू फार विचार करतेस.” मी परत म्हटलं की कॅप्सूल वेगळी आहे. त्याने मामीकडे पाहिलं. “आई, तुझाच काहीतरी गोंधळ होतोय.”

या वाक्याने मी सगळ्यात जास्त घाबरले. छातीपेक्षा जास्त. कारण गोंधळ होणारं डोकं माझंच होतं. मी पुरावा तरी कुठून आणणार? रंग वेगळा होता की मलाच वाटला? भीती वाटते म्हणावं, तर तेही लक्षण. चूप बसावं, तर तेही लक्षण. आणि आत आणखी एक भीती. फार तक्रार केली तर औषधच बंद करतील. मग पुन्हा जळकी पातेली, पुन्हा बोट ठेवून वाचणं. मी फोनवर तुम्हाला “मजेत आहे” म्हणाले, त्या वेळी माझा दुसरा हात छातीवर होता.

पुढच्या खेपेला पुन्हा तीच पाटी, पुन्हा मामा आधी आत. मला नंतर बोलावलं. मी बसले. डॉक्टरांनी मामाला इंग्रजीत विचारलं, “सो, फॉर्टी इज नॉट सूटिंग हर?”

चाळीस.

मामा खाली बघत होता.

“चाळीस काय?” मी विचारलं.

डॉक्टर हसले. लहान मुलाला हसतात तसं. “माताजी, डोस थोडा वाढवला होता. वयस्क पेशंटला आकडा सांगितला की ते धसका घेतात. म्हणून आम्ही फॅमिलीलाच सांगतो. तुमचा मुलगा किती करतो तुमचं! नशीब लागतं.”

म्हणजे कॅप्सूल वेगळीच होती. माझे डोळे बरोबर होते. घरात दोन माणसांना हे ठाऊक होतं आणि ती माझ्यासमोर बसून मला सांगत होती की तुझा गोंधळ होतोय. जिथे मी आयुष्यभर लंगडी, नेमका तिथेच धक्का दिला.

माझा आवाज कापत होता. तरी बोलले. “माझं ब्लडप्रेशर मोजा.”

डॉक्टर मामाला म्हणाले, “त्या घाबरल्या आहेत.”

“हो. घाबरलेच आहे. घाबरलेल्या माणसाचंही मोजता येतं.”

यंत्र केबिनमध्ये नव्हतं. सिस्टरने कुठून तरी शोधून आणलं. तिने एका हाताला मोजलं, डॉक्टरांकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताला मोजलं. नाडी पाहिली. डॉक्टरांचं हसू गेलं. “थोडं वाढलंय. डोस खाली आणू. ईसीजी काढून घ्या.” हे सगळं मामाला.

मी मामाला म्हटलं, “तू बाहेर बस.”

“आई, अगं...”

“बाहेर.”

तो गेला. दार बंद झालं. मी आतल्या बाजूला होते. मी विचारलं. औषधाचं नाव काय. माझ्या वयाला किती चालतं. छाती धडधडली तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. अठरावर परत गेले तर दुधापाशी उभी राहू शकेन का. ते घड्याळ बघत होते. त्यांनी उत्तरं दिली. मी प्रत्येक उत्तर त्यांना परत म्हणून दाखवलं, कारण माझं लक्ष निसटतं आणि त्याची लाज वाटून घेणं मी त्या खुर्चीत सोडून दिलं.

परतताना मूर्तिजापूर आलं तेव्हा त्याने तोंड उघडलं. तुमचा मामा घाबरला की वऱ्हाडीत बोलतो. “आई, माह्यावर रागावली काय? तू औषध सोडून देशीन म्हणून नाही सांगितलं. डॉक्टर म्हणे, नका सांगू.”

मी पण त्याच बोलीत बोलले. वर्गात कधी बोलले नव्हते. “माह्या तोंडात काय चाललं, हे मले सांगाले तुमच्या जिभेले काय झालं होतं? मी मेली असती तं काय सांगतलं असतं? कंपनी बदलली?”

त्याने गाडी कडेला घेतली. तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. आई म्हणून ठेवायला हवा होता असं कुणी म्हणेल. म्हणो. त्या दिवशी मी पेशंट होते.

ईसीजी ठीक निघाला. आता मी अठरावर आहे. दूध बहुतेक वेळा सांभाळते, कधी उतू जातं. कॅप्सूलची पट्टी माझ्या उशाजवळच्या कपाटात असते, डबी मी मोडीत काढली. मागच्या महिन्यात अकोल्याला मी बडनेऱ्याहून रेल्वेने एकटी गेले. पाटी तशीच आहे. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “आजी, नातेवाईक कुठी हायेत? आधी त्याईले पाठवा.” मी म्हटलं, “कुणी नाही. मी आहे.” आणि आत गेले. वरूडची ती बाई दिसते का म्हणून बाकांवर पाहिलं. नव्हती.

त्या सकाळी घरून निघताना वंदना फाटकाशी उभी होती. “काकू, डोळे कसे आहेत?”

“डोळे चांगले आहेत. मी मनाच्या डॉक्टरकडे जाते. लक्ष टिकत नाही माझं.”

ती लगबगीने घरात गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीत कळलं असेल. कळू दे.

भीती गेलेली नाही. रोज सकाळी पट्टीवरचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचते, तेव्हा छातीत एक ठोका चुकतोच. उद्या खरंच माझी स्मृती जाईल, तेव्हा हे वाचणंही जमणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा कोण काय पाजेल, कोण जाणे. म्हणून आज, शुद्धीत, हे लिहून ठेवते. तुम्ही माझे नातेवाईक आहात. त्या दारावर कधी तुमची पाळी आली, तर आधी मला आत न्या. मला कळो वा न कळो, माझ्यासमोर बोला. आणि मला कळतंय तोवर, ज्याचं नाव मला सांगितलेलं नाही ते मी गिळणार नाही.