सोनाराच्या काट्यातला सेल

"थांब बे, पहिले त्याले बोलू दे."

बंद पडलेलं यंत्र समोर आलं की तो त्यावर तळवा ठेवायचा, मान तिरकी करायचा आणि हेच म्हणायचा. फवारणीचा पंप असो की कॉम्प्युटर, पद्धत एकच. मोताळ्याच्या बसस्टँडमागं त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान आणि त्याला लागून माझा कॉम्प्युटर क्लास. माझ्या भिंतीवर फ्रेम केलेली दोन सर्टिफिकेटं, त्याच्या भिंतीवर तारेत ओवलेले वॉशर. तरी लोक बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन माझ्या दारावरून पुढं त्याच्याकडं जायचे. तुम्हीच सांगा, पोटात दुखणार नाही तर काय होईल?

सगळे त्याला चाचा म्हणायचे, मीही. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. मला तो 'सर' म्हणायचा आणि लगेच पुढं 'तू' लावायचा.

खरं तर त्याला या धंद्यात मीच आणलं. बोंडअळी न लागणारी बीटी कपाशी आली तसे फवारे कमी झाले आणि चाचाच्या दुकानात पंप येईनासे झाले. रिकामं बसवेना म्हणून तो माझ्या क्लासच्या दारात उभा राहून बघायचा. मी मोठ्या मनानं एक मोडका कॉम्प्युटर त्याला खोलायला दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इंग्रजी त्याला धड वाचता येत नव्हतं, पण पडद्यावरची शेवटची ओळ तो वहीत अक्षर अक्षर उतरवून घ्यायचा आणि अर्थ विचारायला माझ्याकडं यायचा. अर्थ मी सांगायचो, नाव त्याचं व्हायचं.

मग शाळेचं प्रकरण आलं. शाळेच्या एका खोलीत नऊ जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. हेडमास्तरांनी आधी मला बोलावलं. मी पाच मिनिटांत निकाल दिला की हे मेलेले आहेत, नवे घ्या. चाचाच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, यांच्यावर लिनक्स टाकून पाहू. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी फुकटातली सिस्टिम, जुन्या मशीनवरही हलकी चालते. हेडमास्तर म्हणाले, पुढच्या सोमवारी भंगारवाला येणार आहे. त्याआधी एक जरी चालू करून दाखवलं तरी नऊही ठेवू, पोरांना शिकायला होतील. म्हणजे चाचाचं जमलं तर गावात माझा शब्द मातीत जाणार होता.

तो दिवसही सोमवारच; त्याच दिवशी त्यानं सीडीवरून लिनक्स टाकलं. मशीन सुरू झालं, मास्तर लोक खूष. दुपारी लोडशेडिंग झालं. मंगळवारी सकाळी बटण दाबलं तर पडद्यावर एकच रड: सुरू करायला डिस्क सापडत नाही. चाचाला वाटलं, लिनक्स नीट बसलंच नाही. त्यानं पहिल्यापासून पुन्हा टाकलं. पुन्हा चाललं, पुन्हा लाइट गेली, बुधवारी पुन्हा तीच रड. पंपाचा माणूस तो. पंप बिघडतो, पण विसरत नाही. यंत्र विसरू शकतं हे त्याच्या डोक्यातच येईना.

मला मात्र मंगळवारीच कळलं होतं. गंमत बघायला म्हणून गेलो होतो. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागची होती. आतला बटणाएवढा सेल संपला की असंच होतं. वीज गेली की मशीन तारीख विसरतं आणि सुरू होताना कोणत्या डिस्ककडं जायचं तेही विसरतं. सेल बदला, काम संपलं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. उलट चार दिवस रोज जाऊन विचारून यायचो, "काय चाचा, बोललं का यंत्र?"

शनिवारी त्याला उमगलं. ओळखीच्या सोनाराच्या छोट्या काट्यातला सेल तो मागून आणताना मी पाहिलं. तो बसवल्यावर लाइट जाऊन आली तरी मशीन सुरू झालं. संध्याकाळी तो माझ्या क्लासमध्ये येऊन बाकावर बसला.

"तुले माहीत होतं ना, सर?"

मी माऊसची वायर गुंडाळायला लागलो.

"मंगळवारी तू तारखेकडं पाह्यलं. मंग चार दिवस रोज आला, पण माह्याकडं पाह्यलंच नाही." आवाज चढला नव्हता. "मी हेडमास्तरले सांगून आलो का सेल सरनं दाखवला म्हून."

"काऊन, चाचा?"

"बोंडअळी आली पुन्हा. पंपाचा ढीग लागून राह्यला दुकानात. ते नऊ डब्बे आता तुलेच पाहाव लागतीन. गावाचा भरोसा पाहिजे ना तुह्यावर."

आणि खरंच, ते नऊ कॉम्प्युटर माझ्याकडं आले. शाळेनं शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. चाचा मागं सतरंजीवर बसला होता, हाताला पंपाचं ग्रीस तसंच, आणि सगळ्यात जोरात टाळ्या तोच वाजवत होता. मी शाल घेतली. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही मी त्याच्यावर जळत होतो. असं दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवणं मला साता जन्मांत जमलं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात चाचा गेला. चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो, ते चाचीला खरं काय ते सांगायचं असं ठरवूनच. निदान तिला तरी कळावं की तिच्या माणसाला कोणी काही दाखवलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं चहाचा कप पुढं केला.

"तुमचं लई नाव काढत होते ते," ती म्हणाली. "म्हणत, सरनं तो सेल दाखवला नसता त शाळेचं काम झालंच नसतं. खरं ना, सर?"

घरातसुद्धा त्यानं मला उघडं पाडलं नव्हतं.

"हाव, चाची," मी म्हणालो.