दोन्ही माद्याच

आमचं बाळ जन्मताच गेलं, त्या वर्षी मी मंगळवार पेठेतल्या घरी काचेची टाकी आणली. बायको दिवसभर गप्प असायची. तिचं मन रमावं म्हणून क्रिबेन्सिस माशांची जोडी सोडली. मोठा तो नर आणि लहान ती मादी, असं मीच ठरवून टाकलं होतं.

महिन्याभरात टाकीत ठेवलेल्या खापरीखाली अंडी दिसली. बायको कित्येक दिवसांनी हसली. पण दुसऱ्याच दिवशी अंडी पांढरी पडून वाया गेली. पुढच्या खेपेलाही तसंच झालं.

"माझीच नजर लागती त्यांस्नी," ती म्हणाली.

मी मासे विकणाऱ्या चाचांना घरी घेऊन आलो. टाकीत बघून ते मोठ्यानं म्हणाले, "पावणं, ह्या दोन्ही माद्याच हायती की! असलं गोल, गुलाबी पोट मादीचं. नर लांबट असतोय, त्याचे पर टोकदार. नरच न्हाय, तर पिल्लं कुठनं येणार?"

मला मान वर करवेना. "नर आणूया," मी कसंबसं म्हणालो.

"नको," बायको म्हणाली. "आता परत वाट बघवणार न्हाय मला."

चाचा मासे घेऊन गेले. टाकी तिनंच घासली आणि माळ्यावर ठेवायला माझ्या हातात दिली. त्यानंतर ती परत हसायला बरीच वर्षं जावी लागली.