दोरीच्या आतली कानबाई

ये गं सुमन, अशी जवळ ये. तू परदेशात बसून हे वाचते आहेस, मला ठाऊक आहे. तरी जवळ बसल्यासारखी वाच, आणि आधी बोलणी खा. तिकडे बस चुकली, घराचं छत गळलं, कामावर कुणी तोडून बोललं, म्हणून तू देवापुढे दिवा लावणं सोडलंस? फोनवर म्हणालीस, "मावशी, इथे माझं ऐकतंय कोण?" अगं, कुणी ऐकतं की नाही, ते मला या वयातही नक्की सांगता येत नाही. पण माझं ऐक.

दुसरं महायुद्ध चालू होतं. मी लष्कराच्या नर्सिंगमध्ये, पोस्टिंग इराकात, बसऱ्याजवळच्या तंबूंच्या हॉस्पिटलात. शहाद्याकडच्या पाटलाघरची मी. लवकर विधवा झाले, चिंचपाड्याला दवाखान्यात काम शिकले आणि औषधांच्या बाटल्यांवरची नावं लावून लावून वाचायला शिकले. पगारापेक्षा घरातून सुटका हवी होती, म्हणून भरती झाले. सुटका कसली, तंबूच मिळाला.

सकाळी ताप बघायचा, मग ड्रेसिंग, मग चादरी, संध्याकाळी रिपोर्ट. पाणी खारट. वाळू दातांत, वाळू भातात. स्टोव्ह तर माझ्या वैऱ्यासारखा वागायचा. तो विझला की मी आपल्या खान्देशातल्या देवीला म्हणायची, "कानबाई, आता हे बघ." कानबाईने एकदाही स्टोव्ह पेटवून दिला नाही. पण तिला सांगितलं की माझा हात पुन्हा पंपाकडे जायचा. माझी भक्ती एवढीच होती.

श्रावणात, आपल्याकडे घरोघरी कानबाई बसायच्या सुमाराला, छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, आली. आयसोलेशनचा तंबू लांब उभा केला, भोवती दोरी बांधली आणि दोरीखाली चुन्याची रेघ ओढली. हुकूम साधा होता: आत गेलेलं परवानगीशिवाय बाहेर यायचं नाही, माणूस नाही आणि ताटलीही नाही. आत मी आणि माझे पेशंट. काही सुधारून दुसऱ्या तंबूत गेले, काही चादरीत गेले. शेवटी दोघं उरले. नायक हिरामण, तळोद्याकडचा पाटील, उठून बसायला लागलेला. आणि शिपाई वेस्ता, अक्कलकुव्याच्या डोंगरातला पावरा आदिवासी. त्याची पटकी थांबली होती, पण तो काही खात नव्हता. तोंडाशी चमचा नेला की मान फिरवायचा. डॉक्टर कॅप्टन दोरीपलीकडून म्हणाले, "सिस्टर, पोटात गेलं नाही तर हा हातचा जाईल."

हिरामण खाटेवरून म्हणाला, "ताई, आज आपलाकडे कानबाई बसनी व्हई."

माझ्या मनात आलं, रोटाची, कानबाईच्या नैवेद्याच्या गव्हाची, खीर करू. घरची चव लागली तर खाईल पोरगा. फील्ड टेलिफोनवरून कॅप्टनना गाठलं.

"सर, गहू हवेत."

"आटा दिलाय."

"पीठ नको सर. अख्खे गहू."

"कशाला?"

"पेशंटसाठी. आणि देवासाठी."

मग, "पाठवतो."

कानबाई नारळाची मांडतात, पण नारळ नव्हता. एनॅमलचा मग पालथा घातला, जखमांना लावायच्या जांभळ्या औषधाने त्याला डोळे काढले, नाकाच्या जागी सेफ्टी पिन चिकटवली. हिरामण म्हणाला, "कानबाईले पटकी व्हयेल दिखस." बऱ्याच दिवसांनी हसलो आम्ही.

तुला माहीत आहे, रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायचे, आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही. मी हिरामणची मूठ घेतली. वेस्ता बघत होता. बाटलीने गहू भरडायला बसणार, तेवढ्यात तो बारीक आवाजात बोलला.

"मी शहादाले एक पाटीलकडे सालदार गडी व्हतू. रोटना दिन घरमा सगळासले रोट, माले गोठामा भाकर. तुमना रोट शे तो. मन्हा नही."

म्हणजे खीर करूनही हा तोंड उघडणार नव्हता. मी गव्हाची थाळी त्याच्या खाटेवर ठेवली. त्याला मूठ वळता येत नव्हती. त्याच्या हातावर माझा हात ठेवून मूठ वळवली.

हिरामणचा चेहरा उतरला. "याले भाऊबंदकीमा घेशी का, ताई? गावले समजनं तं वाळीत टाकतीन."

"गाव दोरीच्या बाहेर आहे, हिरामण."

तो भिंतीकडे वळावं तसा कनातीकडे वळला. वेस्ताने विचारलं, "ताईनी मूठ?"

"बायकांची मूठ नसते रे."

"मंग रांधस कोण? तिनीबी भर."

भरली. खीर पातळ केली. वेस्ताने आधी वास घेतला, मग तीन-चार चमचे घेतले आणि म्हणाला, "गूळ कमी शे." मला इतकं बरं वाटलं की मी त्याला रागावले. उरलेली त्याच्या नावाने झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी वाळूचं वादळ उठलं. दोरी दिसेना, शेजारचा तंबू दिसेना. वेस्ताची लघवी बंद झाली होती. पटकीनंतर हे होतं. मी फोन फिरवला.

"आयसोलेशन. शिपाई वेस्ता, सकाळपासून लघवी नाही. गुंगी वाढते आहे. सर, या."

"गाडी निघत नाही. सलाईन?"

"शेवटची बाटली."

"चालू ठेव. वादळ थांबलं की निघतो."

"यस सर."

बाटली संपली. वादळ थांबलं नाही. तंबूचा खांब धरून मी उभी होते. बाहेर जायची परवानगी नव्हती आणि असती तरी वाट नव्हती. त्या मगापुढे मी काय काय बोलले, ते सांगत नाही. दुपार कलताना वेस्ता गेला. हिरामण त्याचा हात धरून बसला होता.

वारा पडल्यावर स्वच्छतेच्या पथकाने त्याला नेलं. आम्हाला दोरी ओलांडायची नव्हती. लांबून धूर दिसला. हिरामणला धड उभं राहवत नव्हतं, तरी त्याने सॅल्यूट केला.

तंबूत आलो. झाकलेली खीर तशीच होती. रोट टाकायचा नाही, घरच्यांनी संपवायचा, या सवयीने मी भांडं उचललं.

"खाऊ नको, ताई," हिरामण म्हणाला. "सुतक शे."

मी भांडं खाली ठेवलं.

"आपला माणूस गया ना."

दोरीच्या आतच खड्डा खणला, खीर पुरली, वर चुना टाकला. हिरामणने माझ्याकडून कात्री मागून घेतली आणि घरचं माणूस गेल्यासारखे डोक्यावरचे केस उतरवले. सुतक संपेपर्यंत त्याने गोड खाल्लं नाही. पुढे तो आपल्या पलटणीबरोबर इटलीला गेला आणि तिथेच पडला. त्याची बातमी मला खूप उशिरा कळली.

माझ्या घरी अजून रोट होतो. सव्वा मूठ वेस्ताची, सव्वा मूठ हिरामणची. सुरुवातीला भाऊबंद जेवायला येईनात. आता येतात, कुरकुरत. आणि पोरीबाळींचीही मूठ मी घेते. तुझीही दरवर्षी घेते, तू नसलीस तरी. पण तुझ्या वाटचा रोट दुसऱ्यांनी किती दिवस संपवायचा? या श्रावणात रजा काढ आणि ये बाई.