डाव्या हाताची चपराक

दाजीसाहेब नसते तर मी बी.ए. झालो नसतो. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला कृतघ्न म्हणू नये. नांदुऱ्याला त्यांची जमीन, बुलढाण्याला वकिली. मॅट्रिकनंतर नागपूरला मला त्यांनी पाठवलं. वसतिगृहात जागा मिळावी म्हणून शब्द त्यांनी टाकला. माझ्या अंगावरचा पहिला कोट त्यांचा. या जगात मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर या माणसाचा.

आणि बुलढाण्याच्या क्लबात भर सभेत लोक मला हसले, तेव्हा त्या हसण्यात त्यांचाही आवाज होता.

पुढच्या खुर्च्यांवर वकील, मुन्सफ, कचेरीतले अंमलदार. मागे विद्यार्थी. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि काचेचा पेला. मी उभा. हातात मीच लिहिलेला निबंध. विषय होता, कॅनडात जन्मलेल्या एका सिनेमानटीची कारकीर्द. दाजीसाहेब नांदुऱ्याला पक्कं थिएटर बांधत होते. पहिला खेळ या नटीच्या बोलपटाचा होणार होता. चार प्रतिष्ठित लोकांत त्याचा गवगवा व्हावा म्हणून हे व्याख्यान.

"आमचा हा विद्यार्थी," दाजीसाहेबांनी ओळख करून दिली. नुसतं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं नाही. मलाही आदल्या दिवशी बजावलं होतं, "आडनाव कोनी इचारलं तं हसून सोडून दे." मला ती माया वाटली.

व्याख्यान बरं चाललं होतं. तिच्या एका मूकपटातला प्रसंग मी रंगवून सांगत होतो. ती शेतावरची मोलकरीण. जमीनदाराचा मुलगा तिचा हात धरतो. ती वळते आणि त्याच्या गालावर चपराक मारते. "आणि लक्षात घ्या," मी म्हणालो, "ती डाव्या हातानं मारते. उजव्याचा मानही ती त्याला देत नाही."

"थांबा, थांबा." दुसऱ्या रांगेतून दाजीसाहेबांचा भाचा उठला. तो पुण्याला शिकत होता. "डाव्या हातानं? तो खेळ मी कितीदा पाहिलाय. ती उजव्या हातानं मारते."

"डाव्याच," मी म्हणालो. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"आणि तो तीळ कुठल्या गालावर म्हणालात मघाशी?"

"डाव्या."

"उजव्या!" तो टाळी वाजवून हसला. मग सभेकडे वळला. "अहो, कळलं का? हे पडद्यामागचे आहेत. मामा, तुमचा विद्यार्थी तर उलट्या बाजूचा निघाला!"

आधी विद्यार्थी हसले. मग वकील. मग दाजीसाहेब, पोटातल्या पोटात, खांदे हलवत.

हसणं थांबल्यावर जे झालं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. पुढच्या एका गृहस्थाने खुर्ची जरा मागे ओढली. पट्टेवाला आला. त्याने माझ्यासमोरचा तांब्या उचलला. पेला उचलला नाही. पेल्यातून मी प्यालो होतो. तांब्या घेऊन तो मागच्या दाराने गेला, आणि काही वेळाने पाणी ओतून टाकल्याचा आवाज आला.

मला तहान लागली होती. उरलेलं व्याख्यान मी कोरड्या घशाने वाचलं.

"पडद्यामागचे" म्हणजे काय, ते त्या सभेला ठाऊक होतं. तुम्हाला सांगतो.

मी लहान असताना कापसाच्या हंगामात नांदुऱ्याला सिनेमाचा तंबू येई. दाजीसाहेबांच्या स्टेशनाजवळच्या जागेत उतरे. सरकी काढायच्या जिनांत काम चालू असायचं, लोकांच्या हातात पैसा असायचा. तंबूच्या एका टोकाला पडदा लावत नसत, मधोमध लावत. पडद्यापुढे बाकं, खुर्च्या, समोर यंत्र. पडद्यामागे उघडी जमीन. तिथे आम्ही. महारवाडा आणि मांगवाडा. आमचं दार वेगळं होतं, पाठच्या बाजूला. चित्र आरपार दिसावं म्हणून पडदा पाण्याने भिजवत. ते पाणी आमच्या माणसांनी आणलेलं चालत नसे. पाणी मारणारा पुढून मारी आणि निम्मं आमच्या तोंडावर येई. बाया म्हणायच्या, "घ्या, आंघोय झाली!"

पुढच्या बाजूला एक माणूस उभा राहून मूकपटाची गोष्ट मोठ्याने सांगायचा. त्याचं तोंड बाकांकडे. आमच्याकडे अर्धेच शब्द पोचायचे. म्हणून आमच्या बाजूला गोष्ट माझी माय सांगायची. ती जिनात कापूस वेचायची, अक्षर तिला येत नव्हतं, पण पडद्यावरचं माणूस पाहिलं की त्याच्या पोटातलं ओळखायची.

"हा पाह्य, टोपीवाला. याची नियत चांगली नाई. आता तिले म्हनीन, पानी दे."

आणि तो खरंच पाणी मागे.

ती चपराक आली त्या संध्याकाळी आमची बाजू उठून उभी राहिली. बाया शिट्ट्या मारत होत्या. डावा हात म्हणजे कुठला हात, हे आमच्याकडे लेकरालाही सांगावं लागत नाही. त्या हाताने कुणी भाकर देत नाही. त्या हाताने तिने जमीनदाराच्या पोराचं थोबाड फोडलं. माय म्हणाली, "डाव्या हातानं देल्ली वं माय! उजवा त्याच्यासाठी खराब केला नाई तिनं!" पुढे कितीतरी हंगाम वाड्यात कुणी भांडलं की म्हणायचे, "पाह्य, मेमवानी डाव्या हातानं देईन."

पडद्यावर मधूनमधून इंग्रजी अक्षरं यायची. ती मी तिथे बसून पाठ केली. शाळेत पाटीवर काढून दाखवली तर मास्तरांनी छडी मारली. सगळी उलटी होती. तेव्हा कळलं की मागून अक्षरं उलटी दिसतात. पण माणसंही उलटी दिसत असतील, हे माझ्या मनात आलं नाही. अक्षर शाळेत तपासून घेता येतं. त्या बाईचा चेहरा मी कुठे तपासणार होतो?

नागपूरला कॉलेजच्या वाचनालयात सिनेमाची इंग्रजी मासिकं येत. मी तिला शोधून काढलं. गव्हाच्या मुलखातलं, रेल्वेच्या फाट्यावरचं तिचं गाव. नांदुऱ्यासारखं. ती टेलिफोनच्या ऑफिसात होती, तिथून फिरत्या नाटक कंपनीत गेली, तिथून अमेरिकेत मूकपटांत. कंपनीने तिचं आडनाव काढून टाकलं आणि गुळगुळीत आडनाव लावलं. बोलपट आल्यावर तिची बोली खेडवळ ठरली. मोठे लोक तिच्या उच्चारांना हसले. नायिकेची कामं गेली. ती नाटकात परत गेली, आवाज कमावला आणि मोलकरणीची, आईची कामं करत पुन्हा पडद्यावर आली. पुढे म्हणे ती घरात पाहायच्या टेलिव्हिजनच्या पेटीतही दिसू लागली. ते फार नंतरचं.

मी ते सगळं उतरून घेतलं. माझंच कुणीतरी वाटत होती ती. मासिकातल्या फोटोत तीळ उजव्या गालावर होता. मी काय समजलो? छापणाऱ्याने ठसा उलटा लावला! माझ्या डोळ्यांवर माझा इतका विश्वास होता. ते डोळे कुठे बसवले होते, त्याचा विचार मी केला नव्हता.

सभा संपल्यावर दाजीसाहेबांनी मला क्लबाच्या व्हरांड्यात बोलावलं. आत चहा चालू होता. सभेत ते पुणेरी बोलत. माझ्याशी वऱ्हाडी. पूर्वी मला वाटायचं, ही जवळीक. त्या दिवसापासून मी प्रत्येक गोष्ट उलटून पाहू लागलो.

"मनावर घेऊ नको बे. पोट्टे हायेत."

"तुम्हीही हसलात, दाजीसाहेब."

"हसलो. मंग काय रडू?" त्यांनी पानाचा डबा उघडला. "आता कामाचं आयक. थेटरात मांगची बाजू ठेवून राह्यलो. पडदा मधात, तंबूसारखा. तुमच्या लोकाईले दार अलग. त्या दारावर शिकेल मानूस पाह्यजे. तिकिटं पाह्यची, भांडनं सोडवायची. खुर्ची, टेबल, पंखा. तुह्यासाठीच ठेवलं थे काम."

मी विचारलं, "पक्की इमारत आहे. पडदा भिंतीला का नाही लावत? सगळे समोर बसतील."

ते हसले. मघासारखंच, खांदे हलवत. "तंबूवालाही हेच म्हने. त्याचं म्हननं, पडदा टोकाले लावतो, सगळ्याईले समोरच बसवतो, आपल्याले काय, तिकीट थे तिकीट. मीच म्हटलं, जागा माही हाय, पडदा मधात लाव. मी नसतो तं तुम्हाले कोनं सिनेमा दाखवला असता?"

त्यांच्या आवाजात कपट नव्हतं, हे सांगायला हवं. त्यांना ते खरंच पुण्य वाटत होतं.

लहानपणापासून आमच्या वाड्यात म्हणत, दाजीसाहेबांच्या दयेने आपल्याला सिनेमा दिसतो. माय हात जोडायची त्यांच्या नावाने. आणि तंबूवाल्याची तर हरकतच नव्हती. आम्ही समोर बसू शकलो असतो. त्यांनी आम्हाला आत घेतलं नव्हतं. त्यांनी आम्हाला मागे नेलं होतं. मग बाकीचं काय? वसतिगृहातली जागा, कोट, शब्द? या दारावर बसवायलाच मला शिकवलं का? मला माहीत नाही. आजही माहीत नाही. संशय एकदा शिरला की जुना कोटही अंगाला टोचतो.

मोटारीने घाट उतरून नांदुऱ्याला घरी आलो. माय चुलीपाशी होती. नोकरीची गोष्ट तिच्या कानावर आधीच आली होती. तिने वाडाभर सांगितलं होतं, पोरगं थेटरात खुर्चीवर बसणार. जिनातल्या रुईने तिची छाती भरली होती, खोकल्याशिवाय वाक्य पुरं होत नव्हतं. मी नोकरी घेतली की ती जिनात जाणं सोडणार होती. ते ठरलेलं होतं.

मी तिला आधी चपराकीचं सांगितलं.

"उजव्या हातानं?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग आपून इतके वर्सं कायले हसलो बे?"

"मागून उलटं दिसते, माय."

"सगळंच?"

"सगळंच."

तिने तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाली, "पन बसली त खरी ना? त्याच्या थोबाडावर?"

"बसली."

"मंग झालं. हात कोनता का असंना." खोकला आला, तो ओसरेपर्यंत थांबली. "आन तुही खुर्ची? थे कोन्या दारात हाय?"

"मागच्या."

भाकर करपली. तिच्या हातून भाकर करपलेली मी कधी पाहिली नव्हती.

"लोकाईले मी खुर्ची सांगतली," ती म्हणाली. "दार नाई सांगतलं. मले कोनं सांगतलंच नाई." मग तवा उतरवला. "मी मांगं बसू बसू म्हातारी झाली. तू काऊन बसतं?"

"मग जिनात?"

"जिन काय आज पाह्यला मी? जाईन. तू लिही त्याले."

दाजीसाहेबांना मी आजवर जितकी पत्रं लिहिली, त्यांचा मायना तीर्थरूप असे. या वेळी तो हाताने लिहवला नाही. खाली मात्र नावापुढे आडनाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, सुलट. हे ते पत्र.

श्री. दाजीसाहेब वकील यांस,

नमस्कार वि. वि.

आपण मला शिकवलंत. ते उपकार खरे आहेत आणि ते मी चारचौघांत सांगत आलो, पुढेही सांगेन. पण त्यांच्या बदल्यात मागचं दार माझ्याकडून राखून घेऊ नका. ती नोकरी मी करणार नाही. मी केली नाही तर दुसरा कुणी मिळेल, असं आपण म्हणाल. आमच्या वाड्यातला मिळणार नाही. मी घरोघर जाऊन सांगितलं आहे, तंबूवाला काय म्हणाला होता आणि आपण काय म्हणालात ते.

सभेत मी चुकीचं सांगितलं. ती चपराक उजव्या हाताची होती. माझी चूक कबूल आहे. पण मला मागे कुणी बसवलं, हे त्या सभेत कुणी विचारलं नाही. ते मी विचारत आहे.

थिएटर उघडेल त्या दिवशी आम्ही येऊ. मी, माझी माय आणि जिनातल्या तिच्या सोबतिणी. पुढच्या दाराने येऊ, तिकीट काढून. पट्टेवाल्याला सांगून ठेवा. अडवलंत तर दारात बसू, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ. पडदा मधे असो की भिंतीला, त्या बाईचा चेहरा आम्ही आता समोरूनच पाहणार आहोत.

आपला कोट सोबत परत पाठवत आहे. धुतलेला आहे.