पिसुपोचा डबा

शनिवारी सकाळी फुआतिनोमावशी दुकानात फळीसमोर उभी होती, हातात पिसुपोचा मोठा डबा घेऊन. पिसुपो म्हणजे खारवलेलं, चरबीनं भरलेलं डब्यातलं बीफ. तो घेतला की आठवड्याच्या मासळी-अंड्यांचे पैसे गेले; मग रोज पांढरा भात नाहीतर नूडल्स. आणि शुक्रवारी तिच्या नवऱ्याची, येलेमियाकाकांची, साखर तपासायची होती. पायाच्या अंगठ्याची जखम तीन महिने भरत नव्हती. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं नर्सनं सांगितलं होतं.

पण उद्या चर्चच्या पाळकांकडे जेवण पाठवायची पाळी मावशीची होती. त्या जेवणात आमच्या गावात पिसुपो नसला, तर वर्षभर बोलणी खावी लागतात.

"घ्या की, वहिनी," मागून काकांची बहीण सिनाआत्या म्हणाली. "का पाळकांनाही पथ्यावर ठेवताय?"

"वन्सं, अंगठा तुमच्या भावाचा जाणार आहे."

"आणि नाक? ते अख्ख्या घराण्याचं जाईल."

मावशीनं डबा परत फळीवर ठेवला. आम्ही धक्क्यावरून मासे आणले. अळूची पानं नि कच्ची पपई परसातच होती. रविवारी कालवणाचं पातेलं मीच पाळकांकडे पोचवलं. मावशी दुपारभर दारात बसून राहिली, जेवली नाही.

संध्याकाळी पाळकांची मुलगी पातेलं घेऊन आली. "आई म्हणाली, रिकामं कसं पाठवायचं."

पातेलं जड होतं. आत पिसुपोचा डबा होता. दर रविवारी येणाऱ्या डब्यांनी त्यांचं कपाट भरलेलं असणार.

काका खुर्चीतून अर्धे उठले. "पाळकांच्या घरून आलंय. नाही म्हणू नये."

"बसा."

"एक घास, फुआतिनो."

ओपनर त्यांच्या हाताशीच होता. मग मावशीनं डबा काखोटीला मारला नि समोर आत्याच्या घरी गेली. मी मागोमाग.

"पुढच्या रविवारी तुमची पाळी ना, वन्सं? हे घ्या, घराण्याचं नाक."

आत्याला हसावं की चिडावं कळेना. डबा मात्र तिनं घेतला.

आम्ही परतलो तेव्हा काकांनी पपई-माशाचं कालवण स्वतःच वाढून घेतलं होतं. वाटी अर्धी झाली होती.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"हो," म्हणत मावशी त्यांच्या पायाची पट्टी सोडायला खाली बसली. शुक्रवारला अजून पाच दिवस होते.