मार्थाचा एकच बाप्तिस्मा

शनिवारी सकाळी दौंडला जाणाऱ्या डेमू लोकलमध्ये बसलो तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो. बापलेकीत समेट घडवायला निघालो होतो ना! दौंडचे पास्कलमामा माझे जुने स्नेही, सगळेच त्यांना मामा म्हणतात; रेल्वेतून निवृत्त झालेले, पक्के कॅथलिक. त्यांची लेक मार्था सणसवाडीच्या कारखान्यात लागली आणि तिथल्या एका नव्या मंडळीत (चर्चमध्ये) जाऊ लागली. ही मंडळी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मानत नाही. माणसानं आधी स्वतः विश्वास धरावा आणि मग पाण्यात पूर्ण बुडून तो घ्यावा, असं या मंडळीचं म्हणणं. रविवारी इनामगावजवळ घोड नदीत मार्थाचा बाप्तिस्मा ठरला होता आणि मामांनी यायला साफ नकार दिला होता. मी जुन्या वळणाचा प्रोटेस्टंट. पाण्यावरून कसलं आलंय भांडण, असं म्हणत पाटस स्टेशन येईपर्यंत मी भाषण जुळवून ठेवलं.

मामांच्या घरी भाकरी, भरीत आणि सुकटीची चटणी होती. हात धुतल्यावर मी भाषण काढलं. मामांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तीन दिवसांची हुती ही," ते म्हणाले. "डॉक्टरनं हात टेकले. फादर गावाला गेल्ते. जीव जायला लागला तर कुणीबी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देऊ शकतो, असं आमचं चर्च सांगतं. मी ड्यूटीवरनं तसाच पळालो, हात ग्रीसचे. पेल्यातलं पाणी हिच्या डोक्यावर वतलं. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. आता ही म्हणती, तो बाप्तिस्मा नव्हताच. मग तवा मी केलं काय?"

"पण मामा, पाणी ते पाणीच..."

"तुमच्यासाठी असंल."

संध्याकाळी मार्था आली. तिच्यापुढेही मी तेच घोडं दामटलं.

"काका, बाबांनी केलं ते मायेनंच केलं. पण तवा विश्वास त्यांचा हुता. माझा मी कवा सांगायचा? आन् पाणी ते पाणीच असतं तर नदीवर कशाला जाते? नळाखाली बसले असते की."

"हे मातुर बरोबर बोलली," मामा म्हणाले. दिवसभरात दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर जमलं आणि तेही माझ्याविरुद्ध. मला खरंच लाज वाटली.

रविवारी मिस्सा (कॅथलिक उपासना) आटोपून मामा आले आणि पिशवी घेऊन माझ्याबरोबर जीपमध्ये बसले.

"पोरगी मनापासनं करती, म्हणून येतोय. काठावर हुभा ऱ्हाईन. आमेन म्हणणार न्हाई," त्यांनी बजावलं.

घोडच्या काठी काळा चिखल होता. माझी एक चप्पल त्यात रुतली ती रुतलीच. पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) मार्थाला पाण्यात बुडवून वर काढलं, मंडळी "आमेन" म्हणाली, सवयीनं मीही म्हणालो. मामांचे ओठ घट्ट मिटलेले.

ती कुडकुडत काठावर आली. मामांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि तिचं डोकं खसाखसा पुसायला लागले.

"तुझा स्नानसंस्कार एकदाच झालाय. पेल्यातल्या पाण्यानं."

"एकदाच झालाय, बाबा. आत्ता."

"बरं, मान खाली घाल. ताप यील."

तिनं मान खाली घातली.

परतीच्या गाडीत एका पायात चप्पल घालून मी विचार करत होतो. माझं भाषण त्यांना पटलं असतं, तर बापाचा पेला आणि लेकीची नदी, दोन्ही वाया गेली असती.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "मिटलं का?"

"नाही," मी म्हणालो, "आणि बरं झालं."